माहूलला माणसं कुणी पाठवली?

मुंबईतल्या माहूलच्या वसाहतीत शिरलं की हात आधी रुमालाकडे जातो. एका अंगाला भारत पेट्रोलियम, पलीकडे हिंदुस्थान पेट्रोलियम, रसायनांच्या टाक्या, जवळच आरसीएफचा खत कारखाना. आणि या सगळ्याला खेटून 72 सातमजली इमारती, सतरा हजारांवर खोल्या, प्रत्येक जेमतेम सव्वादोनशे चौरस फुटांची. दोन इमारतींत इतकी कमी जागा सोडली आहे की तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावून मेथी निवडणारी बाई मी पाहिली. खिडकी तिने गच्च लावून घेतली होती. उघडली की डोळे चुरचुरतात, म्हणाली, आणि पोराला रात्रभर ठसका लागतो.

या बाईने माहूल मागितलं नव्हतं. शहराला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या 2017 पासून पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबं इथे आणून टाकली. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी माणसं हलवायची, हे मी मान्य करतो. ती रिफायनरीच्या कुंपणाला नेऊन ठेवायची, हा मात्र पालिकेचा आणि सरकारचा निर्णय होता, आणि तो डोळे उघडे ठेवून घेतला गेला.

माहीत नव्हतं, ही सबब चालणार नाही. पालिकेच्याच केईएम रुग्णालयाने 2013 मध्ये माहूल-आंबापाडा परिसराची पाहणी केली होती. 67 टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, 86 टक्क्यांहून अधिक लोकांचे डोळे जळत होते. गावकरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. डिसेंबर 2015 मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. हे सगळं कागदावर असताना दोन वर्षांनी तिथेच नवी माणसं भरली! ऑगस्ट 2018 मध्ये भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट होऊन चाळीसहून अधिक जण जखमी झाले. तरी कुणाची झोप उडाली नाही.

लोकांनी मग विद्याविहारच्या फुटपाथवर ठाण मांडलं. वर्षभराहून जास्त काळ बायकापोरं उघड्यावर राहिली. माहूलच्या पक्क्या भिंतींपेक्षा त्यांना तो रस्ता बरा वाटला. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा 15 हजार रुपये भाडं आणि 45 हजार अनामत द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाने इथली हवा बिघडवल्याबद्दल कंपन्यांना 286 कोटींचा दंड ठोठावला.

दुबळ्यांच्या दारात विष नेऊन टाकणं फक्त इथे घडत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत 1982 मध्ये कृष्णवर्णीय वस्तीशेजारी विषारी माती पुरायला आणली, तेव्हा लोक ट्रकसमोर आडवे झाले. घातक कचऱ्याच्या जागा कुठे येतात हे सर्वांत जास्त वंशावरून ठरतं, असं 1987 च्या एका अहवालाने तिथे आकड्यांनी दाखवलं. आपल्याकडे तो हिशेब जात, धर्म आणि खिसा पाहून होतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड, कत्तलखाना, मुंबईभरच्या दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी, हे सगळं पालिकेच्या एकाच एम पूर्व विभागात आलं, दलित आणि मुसलमान कष्टकऱ्यांच्या उशाशी. पालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात तळाला होता. याला योगायोग म्हणणाऱ्याने तिथे आठवडाभर बिऱ्हाड करून दाखवावं.

आणि 2025 मध्ये काय झालं? माहूलच्या रिकाम्या खोल्या पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत विकायला काढल्या. मुंबईत या पैशांत घर म्हटल्यावर झुंबड उडायला हवी होती. उडाली नाही. मुदत वाढवूनही उडाली नाही. ज्याला नाही म्हणायची मुभा होती, त्याने नाही म्हटलं. झोपडीवाल्याला ती मुभा कुणी दिलीच नव्हती.

माझी मागणी सरळ आहे. या खोल्यांची विक्री थांबवा, आत अडकलेल्या प्रत्येक कुटुंबाला बाहेर राहण्याजोगं घर द्या, आणि माहूलला पाठवायच्या कुटुंबांच्या यादीवर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा.