मन लावून काम कधी होते?

राज्याच्या सरकारी आरोग्यसेवेत कंत्राटी परिचारिका आणि आशा सेविकांची आंदोलने आता नवी राहिलेली नाहीत. दरवेळी चर्चा मानधनाच्या आकड्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. आकडा महत्त्वाचा आहेच. पण कर्मचाऱ्याचे मन संस्थेवर का बसते आणि का उडते, याचा विचार क्वचितच होतो. त्याचा संबंध थेट रुग्णाशी आहे.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. पहिली मनापासूनची: इथेच काम करावेसे वाटते. दुसरी नाइलाजाची: सोडून जाणार कुठे? तिसरी कर्तव्याची: सोडणे बरे दिसत नाही. हजेरीपटावर तिन्ही सारख्याच दिसतात. मात्र पहाटे तीन वाजता रुग्णाचा श्वास बदलला, तर कोणी हाक मारण्याआधी खाटेजवळ पोचण्याची शक्यता पहिल्या प्रकारात अधिक.

ही बांधिलकी येते कुठून? रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले, की कर्मचारी संस्थेकडे एखाद्या माणसाकडे पाहावे तसे पाहतो. तिला आपल्या कामाची कदर आहे का, आपली काळजी आहे का, हे तो रोजच्या अनुभवावरून ठरवतो. अडीअडचणीला रजा मिळते का, बदली नियमाने होते का, तक्रार कोणी ऐकते का, यातून ते मत बनते.

अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असतानाही काही रुग्णालयांत त्या टिकून होत्या. १९८३ च्या अभ्यासात अशी ४१ रुग्णालये निवडली गेली. परिचारिकांना लोहचुंबकासारखी खेचून घेणारी, म्हणून त्यांना 'मॅग्नेट' म्हटले गेले. पुरेसे मनुष्यबळ, सोयीच्या ड्यूट्या, शिकण्याची संधी आणि निर्णयात परिचारिकांचे मत ही तिथली वैशिष्ट्ये होती.

पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी, तर परिचारिकांच्या 'बर्नआऊट'ची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटची व्याख्या करताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम असल्याचे म्हटले. म्हणजे उपाय केवळ योग शिबिरात नाही; ड्यूटीच्या तक्त्यातही आहे.

आपल्याकडे एकाच वॉर्डात तेच काम करणाऱ्या दोघींपैकी एक कायम असते, तर दुसरीला मुदत संपताना फेरनियुक्तीच्या आदेशाची वाट पाहावी लागते. आशा सेविकांचा २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. पण कागदोपत्री त्या आजही 'स्वयंसेविका'च. समान कामाला समान वेतनाचे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच स्पष्ट केले आहे.

रिक्त पदे भरायला वेळ आणि पैसा लागतो. पण ठरलेल्या तारखेला वेतन, महिनाभर आधी ड्यूटीचा तक्ता, रात्रपाळीनंतर हक्काची विश्रांती आणि तक्रारीला ठरावीक मुदतीत उत्तर यांसाठी नव्या इमारती लागत नाहीत. सुरुवात तिथून करता येईल.