फावल्या वेळी : सव्वासहा सेंटीमीटरचा गुंठा



या पानावर आज आगगाडी कशी आली, असे तुम्ही म्हणाल. पण ही जत्रेत मिळणारी चावीची गाडी नव्हे. खऱ्या इंजिनाची, डब्यांची मापे घेऊन ती ठरावीक पटीने लहान केलेली असते, आणि तिच्या भोवतीचा पूल, ओढा, शिवार हेही त्याच पटीने लहान करून मांडायचे असते. हा छंद पोरांपेक्षा मोठ्यांनाच जास्त लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

यात लहानातले लहान प्रकार तीन. पहिला ‘एन’, म्हणजे १६० पटीने लहान. त्याचे रूळ ९ मिलीमीटर रुंद. दुसरा ‘झेड’, २२० पटीने लहान, रूळ साडेसहा मिलीमीटरचे. हा १९७२ साली जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने काढला. तिसरा जपानी ‘टी’, चक्क ४५० पटीने लहान, रूळ ३ मिलीमीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘एन’मधला माणूस भुईमुगाच्या दाण्याएवढा, ‘झेड’मधला गव्हाच्या दाण्याहून किंचित मोठा आणि ‘टी’मधला ज्वारीच्या दाण्याएवढा. झेडचा अख्खा गोल लोहमार्ग प्रवासी बॅगेत बसतो. दोन खोल्यांच्या घरात, जिथे धान्याच्या कणगीलाच जागा पुरत नाही, तिथे या लहानपणाचे महत्त्व काय ते कळते.

मला स्वतःला ‘एन’ बरा वाटतो. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ‘टी’ झेपत नाही.

आता शेतकऱ्याच्या कामाचा हिशेब. १६० पटीने लहान केले की ३३ फुटांची गुंठ्याची बाजू सव्वासहा सेंटीमीटर होते. एक एकर म्हणजे ४० सेंटीमीटरचा चौकोन. दोन फूट बाय चार फुटांच्या फळीवर साधारण पावणेपाच एकर रान मावते. पण एक किलोमीटर अंतर मात्र सव्वासहा मीटर होते, म्हणजे घराच्या भिंतीपलीकडे जाते. म्हणून या छंदात खरे काम कापाकापीचे. काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे आधी ठरवावे लागते.

पिंपळे गुरवच्या एका घरी हे ठरवताना चाललेला वाद मी ऐकला आहे. पवना नदीच्या काठचे हे गाव, नदीपलीकडे दापोडी आणि कासारवाडी ही पुणे-लोणावळा मार्गावरची स्टेशने. एके काळी इथे शेती होती. आज तिथे उभ्या असलेल्या इमारतींतून फिरताना बांध कुठे होता ते ओळखू येत नाही. त्या घरच्या आबांची जमीनही अशीच प्लॉटमध्ये गेली. नातू कॉलेजात शिकणारा, त्याला फळीवर मोठे स्टेशन हवे होते. नदी, तिच्या अलीकडचे रान आणि पलीकडचा लोहमार्ग जवळ आणून मांडायचा, इथपर्यंत दोघांचे जमले. पण त्याने रुळांची वळणे खडूने आखली, आणि एक वळण नेमके विहिरीवरून गेले.

आबा म्हणाले, “एकदा बुजली ती, बाळा. आता तू पुन्हा बुजवू नको.”

नातू म्हणाला, “अहो आबा, पण वळण त्याहून आखूड करता येत नाही. गाडी रुळावरून उतरेल.”

त्याचेही खरे होते. ‘एन’च्या वळणाला निदान २३ ते २५ सेंटीमीटर त्रिज्या लागते, त्याहून आवळले की लांब डबे घसरतात. शेवटी स्टेशनाचा एक फलाट गेला आणि विहीर राहिली. २० फुटांची विहीर, फळीवर पावणेचार सेंटीमीटर. नातवाने कागदी पुठ्ठ्याची थारोळ्यासकट केली. तिच्या कडेला कोणते झाड होते, मोट कोणत्या अंगाला होती, हे सगळे आबांनी त्याला त्या आठवड्यात सांगितले. त्याआधी कधी कोणी विचारले नव्हते.

तुमची जमीन अजून तुमच्याच ताब्यात असेल तर तुमचे काम सोपे. मोजणीचा नकाशा काढा, त्यावरचे प्रमाण वाचा, आणि मुलांना त्यावरून त्रैराशिक मांडायला लावा. शाळेत न कळलेले गणित इथे कळते.

साहित्याचे सांगतो. इंजिने आणि रूळ बहुतेक परदेशी, ते महाग पडतात. उसनवारी करून घेण्याची ही वस्तू नव्हे. आधी पुठ्ठ्याचे घर, गोठा, शिवार करून पाहा, हात बसला तरच गाडीचा विचार करा. पुण्याला गेलात तर कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. एका खोलीत अख्खे शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या आहेत.

बाकी सामान घरचेच. वाळवलेली चहाची पूड बांधावर पसरायला चांगली, पण खडखडीत वाळवा, नाहीतर बुरशी येते. काथ्याच्या जुन्या पायपुसण्याचे दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे उभे चिकटवले की दहा फुटी उसाचा फड तयार. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली बारीक वाळू. ती चिमटीने सोडायची, आणि ज्या हाताला रांगोळी साधते त्या हातालाच हे साधते, तेव्हा हे काम घरातल्या लेकी-सुनांकडे द्या आणि श्रेयही त्यांनाच द्या. वर पाण्यात सैल केलेला फेव्हिकॉल, त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब.

आपली काळी माती वापरणार असाल तर आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. बेसाल्ट खडकाच्या मातीत चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीत ओढले गेले की मोटार कामातून जाते.

कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूरकडच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट अडीच फूट रुळांची होती. ८७ पटीने लहान केले की तो रूळ जवळजवळ ९ मिलीमीटरचा होतो, म्हणजे ‘एन’चाच रूळ तिला चालतो. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. वारीला त्या गाडीने गेलेली म्हातारी माणसे घरात असतील तर डबे कसे होते ते त्यांना विचारून घ्या.

वीज रुळांतूनच जाते. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण, दाब १२ व्होल्टच्या आतबाहेर. दाब वाढवला की गाडी पळते, धन-ऋण उलटे केले की मागे येते. घरातल्या प्लगला थेट तार कधीही जोडू नका, गाडीबरोबर येणारा नियंत्रकच वापरा. बारके सुटे भाग रांगत्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

खेड्यातला मोठा शत्रू धूळ. मळणीच्या दिवसांत फळी जुन्या धोतराने झाकून ठेवा. महिना-दोन महिने कामाच्या गडबडीत हात लागला नाही तरी बिघडत नाही. पुन्हा गाडी लावण्याआधी स्वच्छ फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन रूळ पुसा आणि ते वाळल्यावरच वीज सुरू करा.