हसऱ्या कुंचल्यातील सूडबुद्धी

व्यंगचित्र म्हणजे निर्मळ विनोद, असा एक भाबडा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाचे नाव तर आजही आदराने घेतले जाते. १८४१ साली निघालेल्या या पत्राने स्वतःच्या राज्यकर्त्यांची रेवडी उडवली, हे खरे. १८७६ मध्ये जॉन टेनिएलने पंतप्रधान डिझरायलीला अल्लादीनच्या कथेतील मायावी जादूगार करून दाखविले. तो व्हिक्टोरिया राणीला जुन्या मुकुटाच्या बदल्यात हिंदुस्थानचा नवा मुकुट देऊ करीत होता. या थट्टेबद्दल टेनिएलला तुरुंग पाहावा लागला नाही. उलट १८९३ मध्ये तो ‘सर’ झाला.

पण हाच कुंचला १८५७ मध्ये हिंदुस्थानकडे वळला, तेव्हा काय घडले? २२ ऑगस्टच्या अंकात बंगालच्या वाघावर झेपावणारा ब्रिटिश सिंह अवतरला. १२ सप्टेंबरला ‘न्याय’ या मथळ्याखाली शिपायांना तुडविणारी खड्गधारिणी आली. मागे मुलांना कवटाळून भेदरलेल्या हिंदी स्त्रिया! कॅनिंगने संयम सुचविताच २४ ऑक्टोबरला त्याचीही टर उडविण्यात आली. यात विनोद कोठे आहे? ही तर सूडाची हाळी!

आणि इकडे? १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आला. ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्यांना १८९७ मध्ये दीड वर्षाची, १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. तिकडे राणीची थट्टा चालते, इकडे गाऱ्हाणेही राजद्रोह ठरते!

नांदेड-लातूर तेव्हा इंग्रजांच्या मित्राच्या, निजामाच्या राज्यात होते. तरीही देगलूरनजीकच्या कौलासचे राजे दीपसिंह आणि रंगराव पागे यांनी परकी सत्तेविरुद्ध पाऊल उचलले. पागे यांना अंदमानची शिक्षा झाली. ‘पंच’चा सिंह आपल्याला ठाऊक असतो, पागे मात्र नसतात. यालाच आत्मविस्मृती म्हणतात.

ही चित्रे दडपावीत, असे आमचे म्हणणे नाही. ती मुलांना अवश्य दाखवावीत. गुणांच्या शर्यतीत इतिहास अडगळीत टाकणाऱ्या पालकांनीही ती मुलांशेजारी बसून पाहावीत आणि एकच प्रश्न विचारावा: हसणारा कोणाच्या बाजूने उभा आहे? सत्तेला चिमटा काढणारे हास्य आपलेच आहे, मग ती सत्ता कोणाचीही असो. पराभूताला लाथ मारणारे हास्य मात्र ओळखायला शिकले पाहिजे.