सांध्यांतील दोष

गेल्या उन्हाळ्यांत धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांकडे जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं दोन महिने राहण्याचा योग आला. हें शहर १९६८ पासून मुंबईचें भगिनी-नगर असून मोटारींच्या धंद्याचें तर माहेरघरच आहे. मी जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेला मनुष्य. यंत्रांतलें मला ओ कीं ठो कळत नाहीं. परंतु तेथें एका जुन्या मोटारीच्या निमित्तानें जें पाहिलें, तें वाचकांच्या कानावर घालावेंसें वाटतें. कारण त्यांत यंत्राइतकाच मनुष्यस्वभावाचाहि भाग आहे.

शेजारीं एक वृद्ध विधवा बाई राहतात. त्यांच्या यजमानांची १९७४ सालची पोर्शे ९११ गाडी घरीं उभी होती. ह्या जातीची गाडी १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ९०१ ह्या नांवानें प्रथम लोकांपुढें आली. मध्यें शून्य असलेले तीन अंकी क्रमांक आपले आहेत अशी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनें हरकत घेतल्यावर १९६४ मध्यें त्या शून्याचा एक झाला. बाईंस गाडी विकावयाची होती. एक व्यापारी पाहून म्हणाला, "गिअरबॉक्स गेला आहे, निम्मी किंमत देईन." तेव्हां बाईंनीं आमच्या पुतण्यास विचारलें, "त्याच किंमतीस तुम्हीच घेतां का? निदान घरच्यासारख्या माणसांकडे जाईल." विद्यार्थिदशेपासून ह्या गाडीवर त्याचा जीव. तो हरखून गेला.

त्यानें गाडी चालवून पाहिली. गिअरचा दांडा खिळखिळा झालेला. दुसरा गिअर शोधावा तर भलतीकडेच जाई. परंतु एकदां गिअर लागला कीं गाडी मुकाट्यानें चाले. "काका, आंतले दांते गेले असते तर लागलेल्या गिअरांतहि आवाज आला असता," तो म्हणाला. "दोष आंत नाहीं, वाटेंत आहे."

मग त्यानें मला रचना समजावून दिली. ह्या गाडीचें इंजिन मागील आंसाच्याहि मागें आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढें असतो. चालकाचा दांडा मात्र पुढच्या दोन आसनांमध्यें. हाताची आज्ञा मागें पोंचविण्यासाठीं तळांतील बोगद्यांतून एक लांब पोलादी कांब नेलेली असते. दांड्याचें टोंक कांबेस मिळतें तेथें प्लॅस्टिकची एक वाटी, आणि कांब गिअरबॉक्सच्या दांडीस मिळते तेथें एक कपलर असतो. त्या कपलरांत प्लॅस्टिकचे दोन लहान बुश. इंजिन व गिअरबॉक्स रबरावर बसविलेले असल्यानें ते सदा थोडे हालतात. पोलादास पोलाद भिडविलें तर तो खडखडाट थेट चालकाच्या हातांत येईल. म्हणून मध्यें मऊ वस्तु घातली. कठीण झिजूं नये म्हणून मऊनें झिजावयाचें, हाच तिचा धर्म. वर्षानुवर्षें उष्णता सोसून ती कडक होते, तडकते. मग हात एक सांगतो आणि गिअरबॉक्सला दुसरेंच ऐकूं येतें.

मागच्या आसनांमधील गालिचा उचलून त्याखालचें झांकण त्यानें काढलें. एक बुश तडकलेला होता. दुसऱ्याचे तर तुकडेच हातीं आले.

रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "काका, किंमत बाईंनींच सांगितली आहे. मीं लबाडी कोठें केली?" खरें सांगतों, माझ्याहि तोंडून चटकन् उत्तर निघालें नाहीं. चाळीस वर्षें मुलांस सत्याचे धडे दिले, पण घरच्या मुलाचा लाभ डोळ्यांपुढें होता. उत्तर दिलें तें सूनबाईनें. भात वाढतां वाढतां ती म्हणाली, "आठ दिवसांनीं ती गाडी झोकांत जातांना बाई खिडकींतून पाहतील. तेव्हां त्यांना काय सांगायचें?" त्यावर कोणी बोललें नाहीं.

सकाळीं पुतण्यानें ते तुकडे बाईंच्या हातावर ठेवले व सर्व सांगितलें. बाई कितीतरी वेळ त्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे शेवटीं शेवटीं म्हणत, गिअर सांपडत नाहीं, माझ्या हातांतलीच शक्ति गेली. म्हणून त्यांनीं गाडी चालविणें सोडलें."

दुरुस्तीस अर्धा दिवस पुरला. कांबेवरचा पट्टा आवळलेला होता तेथें त्यानें प्रथम खूण केली. कपलरचा निमुळत्या टोंकाचा स्क्रू काढला, जुने तुकडे झाडले, नवे बुश वंगण लावून बसविले, दांड्याखालची वाटीहि बदलली. तो स्क्रू गिअरबॉक्सच्या दांडीवरील खळग्यांतच बसला पाहिजे. नुसता आवळून भागत नाहीं. शेवटीं गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून दांड्याची जागा लावली. पहिल्या खेपेस रिव्हर्स लागेना. पट्टा सैल करून केंसभर फिरविल्यावर सर्व गिअर जागच्या जागीं बसले.

गाडी पुढें योग्य किंमतीस एका दुसऱ्याच गृहस्थानें नेली. तेवढी रक्कम आमच्या मुलाजवळ नव्हती. त्या दिवशीं तो खट्टू होता, हेंहि लपवीत नाहीं. पण बाईंशीं बोलतांना त्याची मान खालीं गेली नाहीं.

मी मात्र त्या कैलासवासी गृहस्थांचा विचार करीत घरीं परतलों. मोठ्या कुटुंबांतहि एकाचें बोलणें दुसऱ्यापर्यंत तिसऱ्याच्या तोंडून पोंचतें. निरोप वांकडा लागला कीं आपण म्हणतों, सासू बदलली, भाऊ फिरला. किंवा त्या गृहस्थांप्रमाणें स्वतःसच दोष देऊन गप्प बसतों. दोन्ही टोंकें शाबूत असतात. असा निवाडा करण्यापूर्वीं मधलें झांकण एकवार उघडून पाहावें. आणि ज्या घरांत कोणी मऊ माणूस दोघांच्या मध्यें राहून मुकाट्यानें झिजत असेल, त्या घरानें त्याची विचारपूस तो तडकण्याआधीं करावी.