वटवाघळाची नाइट शिफ्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीतल्या ड्रॅगन फ्रूटला पहिलं फूल आलं. वीतभराहून मोठं, पांढरंशुभ्र. रात्री उमललं, सकाळी मिटलं आणि चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळलं. आई म्हणाली, "पाणी जास्त झालं असेल." मी आपला सवयीप्रमाणे डीबगिंगला बसलो.

बग पाण्यात नव्हता. लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचे परागकण चालतच नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. माहेरी, म्हणजे मध्य अमेरिकेत, ते पोचवायचं काम वटवाघळं आणि मोठाले निशाचर पतंग करतात. तेही फुकट!

मग इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या लागवडीबद्दल वाचलं. तिथलं कडक ऊन या वेलींना सोसत नाही, म्हणून त्या जाळीखाली नाहीतर ग्रीनहाऊसमध्ये लावतात. माहेरची वटवाघळं आणि पतंग तिथे नाहीत, आणि मधमाश्यांवर भागत नाही. मग माणसंच ब्रश घेऊन फुलाफुलाला पराग लावत फिरतात. पराग वाळवून फ्रीजरमध्ये ठेवले तर काही महिने टिकतात, त्यामुळे दोन्ही जाती एकाच रात्री फुलायला हव्यात ही अट सुटते. पण काम उरकून चालत नाही. पराग नीट पोचले तर बिया जास्त, आणि बिया जास्त तर फळ वजनदार.

ऑफिसात हे सांगितलं तर एकजण लगेच म्हणाला, "ड्रोन लाव ना!" आपल्या लोकांना दुसरं सुचतच नाही. अरे, ही फुलं लाटेलाटेने येतात. एका रात्री सगळीकडे फुलंच फुलं, मग पुढे कितीतरी दिवस शुकशुकाट. त्यासाठी महागडं यंत्र वर्षभर पोसायचं?

मला विचाराल तर खरा उपाय म्हणजे स्वतःच्या परागांवर फळ धरणाऱ्या जाती लावणं. पॅच मारत बसण्यापेक्षा डिझाइनच बदला. आणि तोवर, रात्री ब्रश घेऊन जागणाऱ्या माणसाला रात्रपाळीचा दर द्या. आपण रात्री सर्व्हर सांभाळला तर भत्ता मागतोच ना? वटवाघूळ फुकट राबत होतं, म्हणून त्याच्या जागी आलेल्या माणसाचं कामही किरकोळ ठरत नाही. छपराने ऊन अडवलं तसं हे फुकटचं कामही अडवलं. त्याची किंमत फळाच्या भावात यायला हवी, मजुराच्या झोपेतून नाही.

असो. शेजारच्या काकांकडे पांढऱ्या गराची वेल आहे. यंदा फूल उमललं की रात्री नऊला ब्रश घेऊन त्यांच्या दारात हजर! काकू काय म्हणतील देव जाणे :)