विश्लेषण : सव्वा मीटरची युद्धनौका ठेवायची कुठे?
प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमाने-जहाजे बनवणाऱ्या छांदिष्टांच्या संग्रहात सर्वांत महागडे किट बहुधा सर्वांत मोठेही असते. ट्रम्पेटर कंपनीची १:२०० प्रमाणातली ‘बिस्मार्क’ पाहा. मूळ जर्मन युद्धनौका २५१ मीटरची, म्हणजे मॉडेल सव्वा मीटरचे. मनीषनगरातल्या टू-बीएचके फ्लॅटमध्ये एवढे शोकेस कुठे मावणार? मग खोका न उघडताच माळ्यावर जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे डिकल, म्हणजे खुणांचे स्टिकर, पिवळे आणि ठिसूळ होऊ शकतात. पैसे गेले, मॉडेलही झाले नाही.

घोळ प्रमाणाच्या गणितात आहे. विमान १:७२ ऐवजी १:३२ मध्ये घेतले तर लांबी सव्वादोन पट होते, आकारमान मात्र ११ पटींहून जास्त. रंग आणि रविवारही जास्त लागतात. (घरच्यांचा संयम वेगळाच!)

मोठेच हवे असेल, तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालेले मिग-२१ बरे. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, १:३२ मध्येही जेमतेम २२ सेंटिमीटर. टीव्हीशेजारी सहज बसते. शिवाय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय याच शहरात. पाहताक्षणी विमान ओळखणारा एखादा पाहुणा नक्की भेटेल.