टाकाऊ कोणी ठरवायचे?

‘शेतीतील टाकाऊ अवशेष’ हा शब्दप्रयोग जैवइंधनाच्या चर्चेत वारंवार भेटतो, आणि दर वेळी मला मसोली आठवते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भाताचा पेंढा टाकून देण्याची रीत नाही. तो गुरांच्या तोंडी जातो, छपरावर चढतो. पालापाचोळा, शेण, गवत, फांद्या राब भाजायला लागतात आणि भाजलेल्या तुकड्यावर आवणाची रोपे तरारतात. राबाला शेतीतज्ज्ञांनी नावे ठेवली आहेत; ती अगदीच अस्थानी नाहीत. पण ज्याला ते जाळणे म्हणतात, त्याला इथे पेरणीची तयारी म्हणतात.

पंजाब-हरियाणाची गोष्ट निराळी. तिथे यंत्र भात कापते, पेंढा शेतात पसरतो, आणि गव्हाच्या पेरणीला उसंत नसल्याने काडी ओढली जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला पानिपतचा प्रकल्प वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी उभारला आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. काडीतील सेल्युलोज लिग्निनच्या चिवट वेढ्यातून सोडवून त्याची साखर करायची, मग ती आंबवायची, हे काम सोपे नाही आणि मला त्याचे कौतुकच आहे. मात्र पेंढा हलका आणि पसाऱ्याचा. तो गोळा करून वाहून नेण्यातच निम्मी लढाई असते. डोंगरउतारावरच्या, विळ्याने कापलेल्या तुकड्यांतून तो उचलायचा म्हणजे गोठ्यातूनच उचलायचा.

‘पडीक जमीन’ हाही असाच एक शब्द. २००९च्या धोरणाने २०१७पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आणि डिझेलसाठी मोगली एरंडावर मोठी भिस्त टाकली. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावायचे हे झुडूप! त्याने पडीक माळ फुलतील, असे सांगितले गेले. आमच्याकडे अशा माळाला वरकस म्हणतात. तिथे नागली होते, गवत होते, गुरे चरतात. लक्ष्य गाठले गेले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

खरोखर टाकाऊ काय, ते महामार्गावरच्या फरसाणवाल्याच्या कढईत पाहावे. ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. त्या तेलाचे बायोडिझेल होते. ते तेल मागायला गेल्यास कुणाची गाय उपाशी राहणार नाही. पेंढा मागायला येणाऱ्याने मात्र आधी आवणाच्या बांधावर बसून भाव विचारावा, आणि नकार मिळाला तर तोही नोंदवून न्यावा.